आसनाला तीनच सूत्रं

(बडोद्यातील योगाभ्यासी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोरचे निम्मे चेहरे कमाटीबागेतल्या सकाळच्या वर्गामुळे ओळखीचे आहेत. तेव्हा आसनं कशी करायची हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणाच होईल. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या टप्प्याबद्दल. बरीच वर्षं वर्ग केल्यावर सूर्यनमस्कार अंगवळणी पडतात, सर्वांगासन जमतं, आणि मग माणूस विचारतो, आता पुढे काय? बहुतेक जण उत्तर अवघड आसनात शोधतात. शीर्षासन झालं की वृश्चिकासन. माझं मत वेगळं आहे. पुढची वाट तुम्ही रोज करता त्याच साध्या आसनातून निघते, पण त्यासाठी मूळ ग्रंथ हाताशी लागतो.

पतंजलींची योगसूत्रं 195, काही पाठांत 196, चार पादांत म्हणजे प्रकरणांत मांडलेली. त्यांतली आसनाच्या वाट्याला आलेली तीन: दुसऱ्या पादातली 46, 47 आणि 48. ‘स्थिरसुखमासनम्’ सगळ्यांना पाठ असतं, हल्ली टी-शर्टावरही असतं. त्याच्या पुढचं मात्र क्वचितच कुणी म्हणतं: ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’. स्थिर आणि सुखकर बसायचं कसं, ते इथे सांगितलंय. प्रयत्न सैल सोडायचा आणि चित्त अनंतात लावायचं. व्यासभाष्य, म्हणजे या सूत्रांवरचं व्यासांचं विवरण, म्हणतं, प्रयत्न थांबला की आसन सिद्ध होतं आणि अंगाचा कंप राहत नाही.

आता हे घेऊन पश्चिमतानासनात बसा. पाय पसरलेत, अंगठे धरलेत, पाठ ओढली जातेय. तुमचं लक्ष मांडीच्या मागच्या शिरेवर. पण जबडा बघा, घट्ट मिटलेला असतो. जीभ टाळूला दाबलेली, कपाळाला आठी, खांदे कानापर्यंत चढलेले. पुढे वाकण्याशी यातल्या एकाचाही संबंध नाही! हा सगळा फुकटचा प्रयत्न. तो एकेक करून सोडायला लागलं की पहिले काही दिवस उलट वाकणं कमी होतं, आणि वर्गात शेजारचा आपल्यापेक्षा खाली गेलेला दिसतो. तिथेच पुष्कळांचा अभ्यास फिसकटतो.

आता पहिल्या पादातलं 31वं सूत्र काढा. चित्त विचलित झालं की त्याच्याबरोबर काय काय येतं याची तिथे यादी आहे: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप, विस्कटलेला श्वास-प्रश्वास. आसन सिद्ध झाल्यावर जो कंप जातो असं भाष्य सांगतं, तोच इथे चित्ताच्या गोंधळाचा सोबती म्हणून बसलेला. म्हणजे वीरभद्रासनात मांडी थरथरते तेव्हा ‘स्नायू कच्चे आहेत’ एवढं म्हणून सुटका नाही. स्नायू कच्चे असतीलही. पण तेव्हा श्वास कुठे आहे, आणि मन ‘कधी संपतंय’ असं मोजत बसलंय का, हेही बघायला हवं. ही दोन सूत्रं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की त्यांची गाठ आपणच घालायची. अभ्यास म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. पाठांतराच्या स्पर्धा नव्हेत.

आपल्या बडोद्याचंच उदाहरण घ्या. डभोईला 1883 साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी प्रा. माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावलं, आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. हठयोगाच्या हठप्रदीपिका या जुन्या ग्रंथात बस्तीचं, म्हणजे पाण्यानं मोठं आतडं धुण्याच्या क्रियेचं, वर्णन आहे: बेंबीएवढ्या पाण्यात उत्कटासनात, म्हणजे उकिडवं, बसायचं, गुदद्वारात नळी ठेवायची आणि आधाराचं, म्हणजे गुदद्वाराचं, आकुंचन करायचं. श्रद्धाळू माणूस म्हणतो, ऋषींनी लिहिलंय ना, मग झालं. शंकेखोर म्हणतो, पाणी वर चढेलच कसं? गुण्यांना प्रश्न पडला, पण तो त्यांनी हसण्यावारी नेला नाही. 1920-21मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान (पोट आत आणि वर ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू वेगळे काढून फिरवणं) यांचे प्रयोग सुरू केले. पुढे दाबमापकानं दिसलं, की नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. पाणी ओढलं जातं ते त्यामुळे. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं. 1924 साली लोणावळ्याला त्यांची कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू झालं, त्याच्या मुळाशी असलं वाचन आहे. (बस्ती घरी करून बघू नका, एवढं सांगून ठेवतो.)

दुसरी गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. जानेवारी 1908, सुरतेच्या काँग्रेसनंतरचे दिवस. अरविंदबाबू, म्हणजे पुढचे श्रीअरविंद, बडोद्यात सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत योगी विष्णु भास्कर लेल्यांसमोर बसले, आणि तीन दिवसांत त्यांचं मन निःशब्द झालं. सगळे त्या तीन दिवसांवर भाळतात. त्याआधी काही वर्षं ते रोज तासन्‌तास प्राणायाम करत होते, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. अभ्यासाबद्दल पहिल्या पादातलं 14वं सूत्र ‘दीर्घकाल’ आणि ‘नैरन्तर्य’, म्हणजे खंड न पडणं, असं उगाच म्हणत नाही.

अर्धवट उद्धृत करण्याची आपली सवयही मोडायला हवी. ‘युक्त प्राणायामाने सर्व रोगांचा क्षय होतो’ ही ओळ वर्गाच्या फलकावर हमखास असते. हठप्रदीपिकेत त्याच श्लोकाचा उत्तरार्ध आहे, की चुकीच्या अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात, आणि पुढच्या श्लोकात उचकी, दमा, खोकला, डोकं, कान, डोळे यांच्या दुखण्यांची यादीच आहे. ती फलकावर कोण लावणार!

आता सुरुवात कुठून करावी? पहिल्या सूत्रापासून नको. उत्साहानं समाधिपाद, म्हणजे पहिला पाद, उघडणारे पुष्कळ लोक 17व्या सूत्राशी, संप्रज्ञात म्हणजे आलंबन असलेल्या समाधीच्या प्रकारांशी, अडकतात आणि पुस्तक फडताळात जातं. दुसऱ्या पादातलं 29वं सूत्र घ्या. तिथे योगाच्या आठ अंगांची नावं आहेत. तिथून पादाच्या शेवटापर्यंत 27 सूत्रं, प्रत्याहारापर्यंतची, म्हणजे इंद्रियं विषयांपासून आत वळवण्यापर्यंतची. पदच्छेद (शब्द सुटे करून) दिलेली एकच मराठी आवृत्ती घ्या आणि एक सूत्र महिनाभर पुरवा. पाच भाष्यकार एकदम वाचू नका, त्यांची भांडणं आपल्याला झेपत नाहीत. आधी आसन करा, मग वाचा. अंग ताजं असतं तेव्हा वाक्य वेगळं भिडतं.

मघाशी चिठ्ठी आली होती, की गुडघ्यांमुळे खाली बसताच येत नाही, मग या सगळ्याचा आम्हाला काय उपयोग? काकू, 46व्या सूत्रावरचं भाष्य बघा. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, आणि त्यांच्या लगेच पुढे सोपाश्रय. म्हणजे आधार घेऊन बसणं. भिंतीला टेकून बसा, खुर्चीवर बसा, शास्त्राची त्याला हरकत नाही. फक्त बसल्यावर जबडा तपासायचा.