चेंबरचे बोल्ट मोजा, मगच पॅकिंग मागवा

नमस्कार मंडळी! मागे उभी आहे ती १९७२ ची शेवरले नोव्हा. मिशिगनचा हिवाळा तिने गॅरेजमध्ये झोपून काढला, आता रस्त्यावर न्यायची, म्हणून आज तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल काढू. पण पाना उचलायच्या आधी सांगा, हा गिअरबॉक्स आहे कुठला?

हसू नका. मला गाडी विकणारा म्हणाला होता, "टर्बो ४०० आहे." म्हणजे शेवरलेच्या जनरल मोटर्स कंपनीचा एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मी तेच पॅकिंग आणि फिल्टर मागवला, चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं पातेलं, उतरवला, पॅकिंग लावून बघतो तर एक भोक जुळेल तर शपथ! गाडी स्टँडवर, ऑईल परातीत आणि रविवारची रात्र. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

पन्नास वर्षांत अशा गाडीचा गिअरबॉक्स कितीदा बदलला असेल, काय सांगावं! त्यात 'साडेतीनशे'चा घोळ आहेच. शेवरलेचं ३५० घनइंचाचं इंजिन वेगळं आणि टर्बो ३५० गिअरबॉक्स वेगळा. इंजिन ३५० आहे म्हणून गिअरबॉक्सही ३५० असेल, असं नाही.

म्हणून गाडीखाली जा आणि चेंबरचा आकार बघा.

[कॅमेरा गाडीखाली]

हा बघा. चौकोन आहे, पण मागचा एक कोपरा तिरका छाटलाय. बोल्ट मोजूया... तेरा. म्हणजे टर्बो ३५०. टर्बो ४०० लाही तेराच बोल्ट असतात, त्यामुळे नुसतं मोजून भागत नाही. पण त्याचा चेंबर वेडावाकडा असतो, एखाद्या जिल्ह्याच्या नकाशासारखा. चौदा बोल्ट दिसले तर दोन गिअरवाला पॉवरग्लाइड असू शकतो. तो १९७३ पर्यंत मिळायचा. गिअरच्या दांड्यापाशी डी नंतर एकटा एल असेल तर संशय तिथेच पक्का करा. सोळा बोल्ट आणि जवळजवळ चौकोनी चेंबर असेल तर नंतर कोणीतरी ८० च्या दशकातला चार गिअरवाला ७००-आर-४ बसवलाय.

अजून खात्री हवी? उजव्या बाजूला गिअरबॉक्समध्ये शिरणारी किकडाउनची, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारी केबल दिसतेय ना? ही ३५० ची खूण. ४०० ला ते काम विजेवर चालतं, म्हणून त्याच्या डाव्या बाजूला वायरचा कनेक्टर असतो.

आता ऑईल. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणलीय, ऑईल कोमट आहे. फार तापलेलं नको, हात भाजेल. गाडी जॅक स्टँडवर, चाकांना अडण्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली झोपू नका, प्लीज.

या चेंबरला ड्रेन प्लग नाही! खालचा बोल्ट काढला, धार लागली, असा सोपा मामला नाही. पूर्ण चेंबरच उतरवायचा. बोल्टला अर्ध्या इंचाचा सॉकेट लागतो. तेरा मिलिमीटरचा बसतो, पण ढिला, आणि बोल्टची डोकी घासतात. आधी मागचे बोल्ट पूर्ण काढा, बाजूचे आणि पुढचे नुसते सैल करा. मग हलक्या हाताने मागची कड खाली झुकवा. ऑईल त्याच कोपऱ्यातून पडेल. परात मोठी घ्या, तरी थोडं बाहेर सांडणारच.

आता रंग बघा. लालसर, छान. तपकिरी आणि जळका वास असता तर आतल्या क्लचच्या चकत्या जळतायत. आणि सोलकढीसारखं गुलाबी, दुधाळ असेल तर रेडिएटरचं पाणी आत आलंय, कारण या ऑईलचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. मग नुसतं ऑईल बदलून उपयोग नाही. चेंबरच्या तळाला बारीक राखाडी गाळ चालतो. चमचमणारे धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्स खोलायची तयारी ठेवा.

फिल्टर काढला की वर जुनं पॅकिंग चिकटून राहिलंय का, बोट फिरवून बघा. त्यावरच नवीन बसवलं तर पंप हवा ओढतो.

आणि अशा चेंबरमधून ऑईल गळतं, त्याचं खरं कारण हे बघा. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर उचलला गेलाय. आधीच्या कोणीतरी गळती थांबावी म्हणून बोल्ट आवळ-आवळ आवळले. पत्रा लाकडावर उपडा ठेवून हातोडीने हलकेच सपाट करा. बोल्टला साधारण १६ न्यूटन-मीटर पुरे, समोरासमोरचे आवळत जा. गिअरबॉक्सची केस ॲल्युमिनियमची आहे, आटे गेले तर रडायला येईल.

निघालं किती? साडेतीन लिटर. पूर्ण गिअरबॉक्समध्ये साडेनऊच्या आसपास मावतं, बाकीचं बहुतेक इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून बसतं. म्हणजे आज एक तृतीयांशाहून जरा जास्तच बदललं. मी महिन्याभराने पुन्हा काढणार, तेव्हा नवीन ऑईल साठ टक्क्यांपर्यंत जाईल.

भरताना डेक्सरॉन ३ च्या दर्जाचं ऑईल घ्या. टाइप एफ हे फोर्डच्या जुन्या गिअरबॉक्ससाठी आहे, इथे नको. जाता जाता एक, पूर्वी या ऑईलमध्ये देवमाशाचं तेल घालायचे! अमेरिकेत ७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली, तेव्हा नवीन फॉर्म्युले शोधावे लागले.

डिपस्टिकच्या नळीतून आधी अडीच लिटर. इंजिन चालू, ब्रेकवर पाय, दांडा सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कमध्ये. मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघत थोडं थोडं घाला. क्रायस्लरच्या जुन्या गिअरबॉक्सला हीच पातळी न्यूट्रलमध्ये बघतात, ते लक्षात असू द्या.

जुनं ऑईल बाटल्यांत भरलंय, पार्ट्सच्या दुकानात देऊन येतो. गाडीखाली पुठ्ठा अंथरलाय. उद्या सकाळी त्यावर लाल ठिपका पडला की नाही, ते कमेंटमध्ये टाकतो.