ओसाकाचे उंच मनोरे आणि जमिनीचा झोका

श्रोतेहो, ओसाकातल्या सर्वांत उंच इमारतींची यादी दोन मिनिटांत सांगून होते. पहिली अबेनो हारुकास : 300 मीटर, 60 मजले, 2014 मध्ये पूर्णपणे खुली झाली. दुसरी साकिशिमा बेटावरची, आज ओसाका प्रांत सरकारच्या ताब्यात असलेली इमारत : 256 मीटर, 55 मजले, 1995. तिसरी 'द किताहामा' हा निवासी मनोरा, 209 मीटर. त्यानंतर नाकानोशिमातली फेस्टिवल टॉवरची जोडी, दोन्ही 200 मीटर. शहराच्या हद्दीबाहेर, कान्साई विमानतळासमोर रिंकू गेट टॉवर आहे. त्याची उंची 256.1 मीटर, म्हणजे साकिशिमाहून 10 सेंटीमीटर जास्त. या अर्ध्या वितीच्या फरकाबद्दल तिथे आजही बोललं जातं.

माझ्या मते साकिशिमाच्या इमारतीचा मोलाचा आकडा वेगळाच आहे. तो आहे 137 सेंटीमीटर. त्याकडे वळण्याआधी या इमारती उंच कशा झाल्या आणि कशावर उभ्या आहेत, हे पाहू.

एके काळी 'पूर्वेचं मँचेस्टर' म्हणवणारं हे गिरण्यांचं शहर. 1893 मध्ये मुंबई ते कोबे अशी नियमित बोट सुरू झाली, ती मुख्यतः इथल्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस पोचवायला. शहर श्रीमंत होतं, तरी इमारती बराच काळ बेताच्याच राहिल्या. त्याचं एक मोठं कारण इतामीचा विमानतळ, जो शहराला अगदी खेटून आहे. उतरणाऱ्या विमानांसाठी आकाशात एक अदृश्य छत ठरवलेलं असतं आणि धावपट्टीच्या जवळ ते खाली येतं. म्हणून मुख्य स्थानकाजवळच्या उमेदा भागात उंच इमारती 180-190 मीटरच्या आसपास थांबलेल्या दिसतात. दक्षिणेकडच्या अबेनोत ही मर्यादा 295 मीटर होती. 2007 मध्ये नियम बदलून ती उठली, आणि हारुकासचा आराखडा वाढून 300 मीटरला पोचला. योकोहामाच्या लँडमार्क टॉवरचे 296 मीटर त्याने मागे टाकले. 2023 मध्ये तोक्योच्या अझाबुदाई हिल्सने त्यालाही मागे टाकलं.

आता जमीन. आपल्याकडे मुंबई-पुण्यात पाया खणायला घेतला की बहुतेक ठिकाणी काही मीटरांवर काळा पाषाण लागतो. ओसाकात बहुतेक ठिकाणी खडक गाठायचा तर किलोमीटरहून जास्त खाली जावं लागतं. खडकाची एक भली मोठी परात आहे असं समजा. त्या परातीत लाखो वर्षांचा गाळ, चिकणमाती आणि वाळू थरावर थर साचली आहे. हारुकास उएमाची या उंचवट्यावर आहे, तिथली जमीन जुनी आणि तुलनेने घट्ट. तरीही त्याचे पाइल, म्हणजे पायाचे खांब, सुमारे 70 मीटर खोल नेले आहेत. साकिशिमा मात्र समुद्र बुजवून केलेलं बेट, खाली मऊ समुद्री चिकणमाती.

11 मार्च 2011 ला जपानच्या ईशान्येला मोठा भूकंप झाला. केंद्र साकिशिमापासून सुमारे 770 किलोमीटर दूर. ओसाकात जपानी मापाने तीव्रता फक्त 3 होती. साध्या घरात टांगलेला दिवा हलतो, भांडी खुळखुळतात, इतकंच. पण साकिशिमाच्या इमारतीचं टोक एका बाजूला 137 सेंटीमीटरपर्यंत गेलं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन मीटरच्या जवळपास. हे हेलकावे सुमारे 10 मिनिटं चालले. छत, भिंतींचे पत्रे, आगरोधक दारं अशा 360 ठिकाणी नुकसान झालं. 32 पैकी 26 लिफ्ट थांबल्या आणि चार लिफ्टमध्ये माणसं अडकली. मुख्य सांगाडा शाबूत राहिला.

असं का झालं? पोलादी इमारतीचा एका हेलकाव्याचा काळ अंदाजण्याची जपानी नियमातली सोपी रीत आहे : उंची मीटरमध्ये घ्या आणि 0.03 ने गुणा. 256 मीटरला उत्तर येतं पावणेआठ सेकंद. प्रत्यक्षात या इमारतीचा काळ साडेसहा ते सात सेकंदांच्या दरम्यान मोजला गेला. डोळ्यांपुढे आणायचं तर साडेदहा मीटरचा दोर घ्या, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलेला, आणि खाली वजन बांधा. त्याला जाऊन परत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

दूरच्या भूकंपाच्या जलद लाटा वाटेतच विरतात. संथ लाटा मात्र शेकडो किलोमीटर येतात, परातीतल्या गाळात शिरल्या की फुगतात आणि तिथेच घुटमळतात. साकिशिमाखालचा गाळ ज्या संथ लाटेला सर्वांत जास्त उचलतो, तिचा काळही सुमारे साडेसहा सेकंदच. झोपाळ्यावरच्या पोराला नेमका परत येताना हात लावावा, तसं घडलं. प्रत्येक धक्का छोटा, पण नव्वदेक झोक्यांपर्यंत चाललेला. इमारतीत चूक काय होती असं लोक विचारतात. 1995 च्या नियमांप्रमाणे ती ठीकच होती. जमिनीचा ताल आणि इमारतीचा ताल यांचा मेळ तेव्हाच्या हिशेबात पुरेसा धरला जात नव्हता. एप्रिल 2017 पासून ओसाकासह ठरलेल्या भागांत 60 मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना हा हिशेब द्यावाच लागतो.

इलाज काय? ताल बदलणं महाग, कारण त्यासाठी सांगाडाच बदलावा लागतो. झोका लवकर विझवणं त्या मानाने सोपं. पोलादी इमारतीत नैसर्गिक अवमंदन, म्हणजे झोका आपोआप विझवण्याची क्षमता, जेमतेम 1 टक्का असतं. त्या हिशेबाने झोका निम्म्यावर यायला 11 हेलकावे लागतात. साडेसहा सेकंदांचा एक धरला तर सव्वा मिनिटाला थोडं कमी. अवमंदन 4 टक्क्यांवर नेलं की तेच काम तीनेक हेलकाव्यांत, वीस सेकंदांच्या आत होतं. त्यासाठी डँपर बसवतात. तेलाचा डँपर गाडीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखा, घर्षणाचा ब्रेकसारखा, आणि पोलादाचा मुद्दाम वाकण्यासाठी केलेला. साकिशिमाच्या इमारतीत भूकंपानंतर असे डँपर बसवले. हारुकासमध्ये ते पहिल्यापासूनच आहेत, एकाच नव्हे तर वेगवेगळ्या प्रकारचे, शिवाय वाऱ्यासाठी वरच्या भागात हलतं वजन. बाहेरूनही पाहा : खाली डिपार्टमेंट स्टोअर, मध्ये कचेऱ्या, वर हॉटेल, आणि प्रत्येक टप्प्याला इमारत उत्तरेकडून आत सरकते. तिन्ही ठोकळ्यांची रुंदी वेगळी असल्याने वाऱ्याचे भोवरे सगळ्या उंचीवर एका तालात सुटत नाहीत. मधल्या आउट्रिगर ट्रसमुळे, म्हणजे आडव्या पोलादी चौकटींमुळे, इमारतीचा गाभा आणि बाहेरचे खांब एकत्र काम करतात.

डँपर बसवले म्हणजे आतली माणसं निर्धास्त झाली, असं नाही. 4 मीटर उंचीच्या मजल्याला 1/100 वाक आला, तर वरचा तळ खालच्यापेक्षा 4 सेंटीमीटर सरकतो. चौकट तिरकी होते आणि दार अडकतं. चाकांची कपाटं आणि फोटोकॉपी मशीन खोलीभर फिरतात. म्हणून चाकं कुलूपबंद ठेवायची, कपाटं भिंतीला पट्ट्यांनी बांधायची. जपानच्या हवामान संस्थेने संथ लाटांसाठी वेगळी श्रेणी केली, 1 ते 4. चौथीत उभंच राहता येत नाही. फेब्रुवारी 2023 पासून ही श्रेणी भूकंपाच्या पूर्वसूचनेतही धरली जाते.

आणि लिफ्टचं काय? संथ झोक्यात शाफ्टमधले लांब दोर इमारतीच्याच तालात डुलू लागतात आणि बाजूच्या ब्रॅकेटला अडकतात. नेहमीचा भूकंप-सेन्सर जलद धक्के ओळखतो, हा हळू झोका त्याच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून उंच इमारतींत आता संथ लाटांचा निराळा सेन्सर लावतात. लिफ्ट कोणत्या मजल्यावर आहे त्याप्रमाणे दोराची लांबी बदलते, आणि लांबीप्रमाणे त्याचा काळ. इमारत डोलू लागली की यंत्रणा लिफ्टला अशा मजल्यावर नेते जिथे दोराचा ताल इमारतीशी जुळत नाही, आणि तिथेच दार उघडून थांबवते.