डिम-फुल होणारी लाईट

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांमागे श्रावणात देवगडजवळच्या एका वाडीतून मला बोलावणं आलं. मी वायरमन आहे. चिऱ्याचं जुनं घर, पुढे पडवी, मागे न्हाणीघर, आणि तक्रार एकच : "लाईट डिम-फुल होते." घरच्या मुलाने दोनदा बल्ब बदलून पाहिले होते. पण काकींना वेगळीच शंका होती. त्या म्हणाल्या, "झिला, श्रावण चालू आसा, घरात मासळी नाय, मगे ह्यो वास खयसून येता?"

मी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, पट्टीवरचा एक स्क्रू ढिला होता. त्याखालच्या तारेचं आवरण बोटभर वितळून कडक झालेलं, तांब्यावर हिरवा कळंक, आणि मागच्या बेकलाईटवर रुपयाएवढा करपलेला डाग. बेकलाईट किंवा प्लास्टिक तापलं की मासळीसारखा वास सुटतो. समुद्रकाठच्या घरात एरवी हा वास कोणाच्या लक्षात येणार? श्रावण होता म्हणून काकींच्या आला.

आपल्या हवेत मीठ आहे. देवघरातली समई चार दिवस घासली नाही तर काळवंडते. तीच हवा बोर्डात शिरते, स्क्रूखाली बसते, पावसाळ्यात ओल धरते. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमची आणि घरातली तार तांब्याची. ही दोन्ही नुसती पिळून जोडली आणि त्यात खारं पाणी गेलं, की अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. अशा जोडाला बायमेटलचा लग, म्हणजे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम असलेला जोडतुकडा, लागतो. नुसती टेप गुंडाळून भागत नाही.

आता धोका कुठे आहे ते सांगतो. दोन हजार वॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर करंट घेतो. वाटेतल्या एका कुजक्या जोडात अर्धा ओहम अडथळा आला, तर त्या एका टिकलीएवढ्या जागेत पस्तीस-चाळीस वॅटची उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न जवळपास एवढ्याच ताकदीची असते. तशी एक आयर्न लाकडी पट्टीमागे रोज अर्धा तास पेटती ठेवल्यासारखं झालं. आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही, किटकॅटमधली म्हणजे जुन्या फ्यूजमधली तारही वितळत नाही. कारण करंट जास्त गेलेलाच नसतो. म्हणून दिवा लुकलुकला की मला त्याचं आधी कौतुक वाटतं. फ्यूजला कळत नाही ते तो सांगतो.

शोध कसा घ्यायचा? आधी बघा, लुकलुकतंय किती. एकच दिवा असेल तर स्विच बंद करा, बल्ब थंड होऊ द्या आणि दुसऱ्या खोलीतल्या बल्बशी अदलाबदल करा. खोड बल्बाबरोबर गेली तर बल्ब खराब. एलईडीच्या आतला कपॅसिटर उष्णतेने मरतो, बंद काचेच्या डब्यात तर लवकर. जुन्या चोकवाल्या ट्यूबचा स्टार्टर बदलून पाहा. पण खोड त्याच जागी राहिली, तर दोष होल्डरचा किंवा स्विचचा. स्विच दाबताना चर्र आवाज येतो का, हात लावल्यावर गरम लागतो का, एवढं बघा आणि थांबा. पावसाळ्यात मुंग्या स्विचमध्ये घर करतात, पालही अडकलेली सापडते.

स्विच बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल, तर स्विचवरच्या छोट्या लाल इंडिकेटरमुळे असू शकतं. ते निरुपद्रवी. पण कधीकधी स्विच फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या जिवंत तारेऐवजी, न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग दिवा बंद दिसतो आणि होल्डर मात्र जिवंत! बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळत नाही. ही चूक वायरमनकडून लगेच सुधारून घ्या.

विहिरीवरचा पंप सुरू होताना क्षणभर दिवा मंदावला तर घाबरू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मंद झालेला दिवा मंदच राहिला तर मात्र चौकशी हवी. एलईडीवर फार विसंबू नका, व्होल्टेज बरंच उतरलं तरी ती तशीच जळते. पंख्याकडे बघा. मी स्वतः पिशवीत जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब ठेवतो. व्होल्टेज किती आहे ते तो नुसत्या रंगावरून सांगतो.

सगळं घर डिम-फुल होत असेल तर शेजाऱ्यांकडे विचारा. तुमच्याकडे दिवे मंद आणि समोरच्या घरात नको इतके लख्ख, किंवा तुमच्याच थ्री-फेजच्या घरात अर्धे दिवे मंद आणि अर्धे प्रखर, असं दिसलं तर काहीही शोधत बसू नका. मेन बंद करा. खांबावरचा न्यूट्रल सुटत आलेला असतो. घरात २३० व्होल्ट यायचे तिथे तीनशेच्या वर चढू शकतात, आणि फ्रिज, टीव्ही, पंप एका झटक्यात जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा खांब पडून वाड्याच्या वाड्या अंधारात गेल्या. अशा वादळानंतर लाईट आली की आधी फक्त एक पिवळा बल्ब लावा. पाच मिनिटं तो नीट जळला, की मग बाकीचं चालू करा.

बोर्ड उघडायचं काम परवानाधारक वायरमनचं. ऑक्टोबरात पाऊस सरला की त्याला बोलवा, मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्या, कळंक चढलेली टोकं कापून नवी करून घ्या. तासा-दोन तासांचं काम आहे. खांबापासून मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. आणि माडाची झावळ तारेला टेकून वाऱ्यावर ठिणग्या उडत असतील, तर तिला कोयती लावू नका, बांबूही लावू नका. ओला बांबू करंट वाहून नेतो. मुलांना अंगणातून घरात घ्या आणि आधी १९१२ फिरवा.