टाळी एका हाताची

साल १९८५. काळ्या पडद्यावर हा जो करडा ठिपका सरकतोय, ते साल्यूत-७, सोव्हिएत अंतराळ स्थानक. चौदा महिन्यांपूर्वी आपले राकेश शर्मा इथेच राहून गेले. आता त्याचे सौरपंख बघा. एका सरळ रेषेत असायला हवे होते, पण एकमेकांना तिरके उभे आहेत. सूर्याचा माग सुटलाय. वीज नाही, रेडिओ नाही.

११ फेब्रुवारी १९८५ पासून स्थानक मुकं आहे.

६ जून, बायकोनूरचा प्रक्षेपण तळ. स्थानक दुरुस्त करायला सोयूझ टी-१३ यान निघालं. आत दोघंच अंतराळवीर. तिसरी खुर्ची काढून तिथे जादा सामान भरलंय.

एरवी यान आणि स्थानक रेडिओवर एकमेकांना हुडकतात. इथे टाळी एकाच हातानं वाजवायची होती. जमिनीवरच्या रडारनी यान साधारण दहा किलोमीटरवर आणून सोडलं. पुढचं सगळं माणसांवर. व्लादिमीर जानिबेकोव्हनी यान चक्क आडवं केलं आणि बाजूच्या खिडकीतून बघत चालवू लागले. चित्रं काढणारा माणूस, नजर पक्की. तीन वर्षांपूर्वी याच स्थानकाला त्यांनी एकदा हातानं यान जोडलं होतं, पण तेव्हा समोरचं स्थानक जिवंत होतं. शेजारी विक्तोर सविनिख, भूमापन शिकलेले. हातात लेसरचा अंतरमापक, तोंडानं आकडे. एसटी मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर हात आपटत सांगतो ना, तसं.

दोनशे मीटरवर थांबले. जमिनीवरून परवानगी आली. पुढे सरकले...

(इथे निवेदन नाही. जोडणी पूर्ण दिसू द्यावी.)

८ जून. दार उघडलं. आत मिट्ट काळोख, भिंतींवर बर्फ. थर्मामीटरचा आकडा शून्याखाली जात नव्हता, म्हणून सविनिख भिंतीवर थुंकले. काही सेकंदांत थुंकी गोठली. हेही एक मोजमापच!

डोक्यावरच्या या लोकरी टोप्या हौसेच्या नाहीत. पंखे बंद, त्यामुळे सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचायचा. म्हणून एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं त्याला गुंगी येत नाही ना, ते बघायचं.

आठ बॅटऱ्यांपैकी दोन कायमच्या गेलेल्या. उरलेल्या सहा थेट सौरपंखांना जोडायच्या होत्या. हातमोजे काढून, उघड्या तारा बोटांनी पिळून, वर चिकटपट्टी. मग सोयूझची इंजिनं चालवून ते सगळं धूड सूर्याकडे वळवलं. मोजक्याच दिवसांचं पाणी उरलं होतं; टाक्यांतलं गोठलेलं.

वीज आली. दिवे लागले. बर्फ वितळला आणि जिकडेतिकडे पाणी. पुसायला फडकी नव्हती, म्हणून स्वतःचे कपडे फाडले.

पुढचं थोडक्यात. जानिबेकोव्ह २६ सप्टेंबरला परतले, सविनिख नोव्हेंबरमध्ये. १९९१ साली साल्यूत-७ अर्जेंटिनावर कोसळलं.

शेवटी हा तुकडा असाच राहू द्या. दिवे लागलेत, पण टोप्या अजून डोक्यावरच.