चोडणची मानस आणि चार बोटं पाणी

(दृश्य: गोव्यातल्या मांडवी नदीतलं चोडण बेट. ओहोटी संपून भरती लागते आहे. मानशीची लाकडी दारं जवळून.)

भरती लागली की बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेची, ही दारं आपसूक मिटतात. बाहेरून नदीचं पाणी रेटा देतं, फळ्या चौकटीला घट्ट बसतात आणि मांडवीचं खारं पाणी बांधाबाहेरच अडतं. ओहोटीला आत साठलेलं पाणी दार ढकलून नदीत निघून जातं. वीज नाही, मोटार नाही. नीट बघा, खालच्या फळीच्या कडेने पाण्याची बारीक धार आत येते आहे. एवढी चालते. ती जाड होत गेली, की आतलं शेत खारं होतं.

या मानशीच्या आत आहे खाजन. मोरड, खेर आणि खाजन या गोव्याच्या भातजमिनींपैकी सगळ्यात सखल जमीन. खाडीकडून मिळवलेली अशी जमीन गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर आहे. बांदिवड्याच्या जुन्या ताम्रपटातही खाजनाचा उल्लेख येतो. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी समुद्राशी हिशेब मांडला होता. त्यांचं बियाणंही तसंच: कोरगूट नावाचं भात. पहिल्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन निघायचं आणि उरलेला खारेपणा कोरगूट सोसायचं.

आता तो हिशेब बदलतो आहे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल सांगतो, की 1993 ते 2017 या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सरासरी 3.3 मिलिमीटरने वाढली. ऐकायला किरकोळ वाटतं. बेरीज करा: आठ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार बोटं. एवढ्याने बांध बुडत नाही. पण बाहेरची पातळी चढली की मानस उघडी राहण्याचा वेळ घटतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला उशीर होतो. गोव्यात पावसाळ्यात सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो रिमझिम पडला तर शेत तग धरतं. एका दिवसात कोसळला, त्यात अमावास्येचं उधाण असलं, तर दार उघडतच नाही. मग शेत बुडतं ते समुद्राच्या नव्हे, आपल्याच पावसाच्या पाण्यात.

(दृश्य: सत्तरीचा डोंगर, मग पेडण्यातल्या आगरवाड्याची मिठागरं.)

गोवा लहान, म्हणून धोकाही सगळीकडे सारखाच असेल, असं वाटतं. तसं नाही. सत्तरीत 2021 च्या 23 जुलैला नद्यांनी घरं पाडली, त्याच तालुक्यात 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. आगरवाड्यात अवेळी पाऊस झाला की मिठाचा हंगाम लांबतो. काजूचा मोहोर ढगाळ हवेने करपतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले.

शास्त्रज्ञ जोखीम मोजताना तीन गोष्टी पाहतात: संकट किती मोठं, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि झळ सोसायची ताकद किती. पहिल्या गोष्टीचे आकडे मिळतात. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मुरगावला भरती-ओहोटी मोजली जाते, राज्याचा हवामानबदल कृती आराखडाही आहे. आमचं म्हणणं तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे. शेजारशेजारच्या दोन खाजनांसमोर समुद्र एकच असतो. एकाचा बांध धड असतो, दुसऱ्याला कुर्ल्यांनी बिळं पाडलेली असतात. जिल्ह्याच्या नकाशावर दोघांचा रंग सारखाच. आम्हाला हे फार खटकतं, कारण निधी नकाशा बघून ठरतो.

बांध कुणाचा, हाही जोखमीचाच भाग आहे. पूर्वी तो कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन बघणारी जुनी संस्था, सांभाळायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि तो न्यायच होता. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. जिथे संघटना जागी आहे तिथे दरसाल चिखल चढतो, फळ्या बदलतात. जिथे ती थकली, तिथे मासळीसाठी मानस भलत्या वेळी उघडी ठेवली जाते. सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिळतात, शेत जातं. एकदा बांध फुटून खारं पाणी आत राहिलं की खारफुटी उगवते. बांधाबाहेर हीच खारफुटी लाटांचा जोर मोडते, म्हणून ती हवीच. पण शेतात वाढली की कायद्याने तोडता येत नाही आणि ते शेत परत मिळणं जवळपास अशक्य होतं.

तयारीचे उपाय परके नाहीत. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवडून गोवा धान 1 आणि गोवा धान 2 ही खारं सोसणारी वाणं दिली आहेत. पण फुटक्या मानशीमागे कुठलंच वाण टिकणार नाही. आधी बांध, मग बियाणं, हा क्रम चुकवून चालणार नाही.

आणि मोजणीची सुरुवात गावातूनच व्हायला हवी. मृगाच्या आधीच्या अमावास्येला, उधाणाची भरती पुरी चढते तेव्हा, संघटनेची माणसं आणि पंचायतीचा एक सदस्य बांधावरून चालत जावेत. पाणी जिथे काठाला टेकलं तिथे जांभ्यावर रंगाची रेघ ओढावी. बीळ कुठे, गळती कुठे, कुठली फळी कुजली, दारं किती वेळ उघडी राहिली, सगळं तारखेसकट वहीत लिहावं. पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा. ही वही कृती आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर गेली, तर चोडणच्या कुठल्या बांधाला यंदा आधी चिखल लागणार, हे त्यांना कळेल.