काठी, सावली आणि उन्नत कोन

श्रोते हो, नमस्कार.

उंच इमारतीच्या टोकाकडे बघताना नजर किती वर न्यावी लागली, हे अंशांत सांगता येतं. डोळ्यांसमोरची आडवी रेषा आणि टोकाकडे जाणारी दृष्टिरेषा यांच्यातला कोन म्हणजे उन्नत कोन. शाळेतल्या उदाहरणांत तो बहुधा दिलेला असतो आणि उंची काढायची असते. प्रत्यक्षात पुष्कळदा हाताशी लांब्या असतात आणि कोनाचाच पत्ता नसतो. आज या उलट्या वाटेनं जाऊ. मला तीच जास्त आवडते.

एक मीटरची सरळ काठी सपाट जमिनीवर उन्हात उभी करा. उभी म्हणजे अगदी ओळंब्यात. दोऱ्याला दगड बांधून शेजारी धरला तरी ते कळतं. आता सावली मोजा. इथे जरा थांबावं लागेल, कारण सावलीची कड पुसट दिसते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे टोकाशी दोन-तीन सेंटीमीटरचा धूसर पट्टा पडतो. त्या पट्ट्याच्या मधोमध खूण करा.

समजा सावली दीड मीटर भरली. काठी, सावली आणि काठीच्या टोकावरून खाली येणारा किरण मिळून काटकोन त्रिकोण झाला. सावलीच्या टोकाशी असलेला कोन हाच सूर्याचा उन्नत कोन. त्याच्या समोरची बाजू काठी, लगतची बाजू सावली. समोरचीला लगतचीने भागलं की टॅन मिळतो: 1 भागिले 1.5, म्हणजे साधारण 0.667. मग विचारायचं, हा टॅन कोणत्या कोनाचा? कोष्टकात उलटं शोधा किंवा कॅल्क्युलेटरवर व्यस्त टॅन घ्या. उत्तर येतं 33.7 अंश. 0.588 आलं, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर आहे, तो अंशांवर आणा. सूर्याकडे एकदाही न बघता त्याचा कोन हाती आला!

इमारतीच्या बाबतीत एक चूक हमखास होते. इमारत 20 मीटर उंच, आपण 20 मीटर लांब उभे. म्हणून कोन 45 अंश, असं चटकन म्हटलं जातं. पण आपण बघतो डोळ्यांतून, पायांतून नव्हे. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील, तर समोरची बाजू 18.5 मीटरच उरते. भागाकार 0.925 आणि कोन 42.8 अंश. दोन अंशांहून जास्त फरक केवळ या विसरण्यामुळे पडतो.

भिंतीला टेकवलेल्या शिडीची लांबी ठाऊक असेल, तर कर्णच हाती असतो. तिथे कोसाइन, म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, घ्यावा. 4 मीटरची शिडी, पाय भिंतीपासून 1 मीटरवर: कोसाइन 0.25, कोन 75.5 अंश.

पुन्हा काठीकडे येऊ. सूर्य चढला आणि सावली निम्मी, म्हणजे पाऊण मीटर झाली. कोन दुप्पट झाला असेल, असं वाटतं ना? दुप्पट म्हणजे 67 अंशांच्या वर. करून बघा: 1 भागिले 0.75, म्हणजे 1.333, आणि कोन 53.1 अंश. गुणोत्तर दुप्पट झालं, कोन मात्र झाला नाही.

या दोन मोजमापांच्या मध्ये एक क्षण असा येतो, की सावली बरोबर काठीएवढी होते. तेव्हा कोष्टक नको, कॅल्क्युलेटरही नको. सूर्य 45 अंशांवर असतो.

नमस्कार.