चोचीवरची गाठ: चिनी हंसाची कुळकथा

[दृश्य: हंसाचं डोकं, अगदी जवळून]

चोच जिथे कपाळाला भिडते तिथला हा उंचवटा नीट बघा. पांढऱ्या हंसात तो नारिंगी असतो, तपकिरी हंसात काळा. नराचा ठसठशीत, मादीचा बेताचा. ही गाठ म्हणजे चिनी हंसाची ठळक खूण.

युरोपातल्या एम्डेन, तुलूज या नावाजलेल्या जातींना ती नसते, कारण त्यांचं कूळच वेगळं. त्या आल्या कलहंसापासून. तोच कलहंस, जो हिवाळ्यात उत्तर भारतातल्या पाणथळींवर उतरतो. चिनी हंसाचा पूर्वज म्हणजे 'स्वॉन गूज' हा रानपक्षी. मंगोलिया, ईशान्य चीन आणि रशियाचा अतिपूर्व भाग ही त्याची विणीची ठिकाणं; थंडीत तो चीनमधल्या पोयांग सरोवराकडे येतो. डोक्यापासून मानेच्या मागून खाली गडद पट्टा. तपकिरी चिनी हंसाच्या मानेवर आजही तो जसाच्या तसा आहे. गाठ मात्र रानातल्या भाऊबंदांना नाहीच म्हणायची. ती माणसाच्या आसऱ्याला आल्यावर वाढली.

[दृश्य: भातखाचरं, पाणी]

हा आसरा किती जुना? चीनच्या झेजियांग प्रांतात तियानलुओशान नावाची भातशेती करणाऱ्यांची वस्ती होती, सुमारे 7000 वर्षांपूर्वीची. तिथल्या उत्खननात हंसांची हाडं मिळाली आणि त्यांत काही होती अजून उडताही न येणाऱ्या पिल्लांची. त्या भागात रानहंस वीण करत नाहीत. मग पिल्लं आली कुठून? तिथेच जन्मली, माणसांच्या अंगणात. हे संशोधन 2022 साली प्रसिद्ध झालं. हंस कोंबडीच्याही आधी माणसाळला असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

चौथ्या शतकातले थोर सुलेखनकार वांग शीजी तर हंसांपायी वेडे होते. हंसाची मान वळते तसं कुंचला धरलेलं मनगट वळावं, ही त्यांची धारणा. एका ताओपंथी साधूकडचे हंस त्यांच्या मनात भरले, तेव्हा त्यांनी त्याला अख्खी पोथी लिहून दिली आणि हंस घेऊन घरी गेले, अशी कथा सांगतात. सौदा कुणाला लाभला, ते ज्याचं त्यानं ठरवावं!

[आवाज: हंसांचा कलकलाट]

अंगानं हा हंस सडपातळ. नर साधारण 5 किलोचा, मादी त्याहून हलकी. अंडी मात्र भरपूर: वर्षाला 50 आणि त्याहून जास्त. पण नाव झालं ते या गळ्यामुळे. अनोळखी पाऊल वाजलं की कळप एकदम बोंब ठोकतो. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टन इथल्या बॅलंटाइन्स व्हिस्कीच्या गोदामांवर 1959 पासून पांढऱ्या चिनी हंसांचा पहारा होता. 2012 मध्ये कॅमेऱ्यांनी त्यांना निवृत्त केलं. लाच म्हणून टाकलेला पाव खाऊनही ओरडायचं थांबत नाही, असा हा पहारेकरी.

आता आपल्याकडे येऊ. दोन भिन्न प्रजातींचा संकर वांझ निघतो, असं पूर्वी मानलं जाई. डार्विननं 1859 च्या आपल्या ग्रंथात त्याला छेद देणारा दाखला दिला तो भारतातला: कलहंसकुळी आणि चिनी हंसांच्या संकरातून झालेले कळपच्या कळप इथे ठिकठिकाणी पाळले जातात, तेही नफ्यासाठी. ही माहिती त्याला पुरवणाऱ्यांत कोलकात्याचे पक्षीतज्ज्ञ एडवर्ड ब्लाइथ होते. म्हणजे आज फार्महाउसच्या फाटकाशी मान ताणून फिस्कारणाऱ्या 'राजहंसा'त दोन्हीकडचं रक्त असायची शक्यता बरीच. गाठ अर्धवट, बसकी दिसली तर समजून घ्या.

पिल्लं विकत घेताना मात्र ही खूण कामाची नाही. गाठ उठायला काही महिने जातात, त्यामुळे 'अस्सल चिनी जोडी' हे विकणाऱ्याच्या शब्दावरच घ्यावं लागतं. जोडीतला नर कोणता, हेही तेव्हा नजरेनं कळत नाही. वाढल्यावर कान द्या: चिरका आवाज नराचा, जाडसर मादीचा.